तिसऱ्या पुडीचा वास

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

सुखरूप पोचलो. गुडघे कुरकुरतात, पण ते माझ्याआधीच निवृत्त झालेत, त्यांचं काय एवढं.

तुझ्या कॉफीच्या कारखान्याचा वास अजून कोटाला आहे. भट्टीच्या त्या फिरत्या पिंपात हिरवट दाणे पिवळे झाले, मग तांबूस, आणि तडतडायला लागले तेव्हा मला शेवटच्या तासाची घंटा झाल्यावर उठणारी पोरं आठवली. बाकीचे पाहुणे फोटो काढत होते. मी भट्टीवाल्याला विचारलं, दाणे कधी काढायचे हे कळतं कसं. तो म्हणाला, कानाने; पण कुठला माल घ्यायचा, त्याचा शेवटचा शब्द तुमच्या बहिणीच्या नाकाचा. मी असा फुगलो म्हणतेस! आणि पाचच मिनिटांनी जिन्यात तू सांगितलंस, की जानेवारीतल्या तापानंतर त्या नाकाला काहीच कळत नाही, आणि हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नाही.

गाडीत दुसरा विचार सुचला नाही. माझं नाक म्हातारं आहे, पण चालू आहे. नमुने मला पाठव. मी घरी कॉफी करीन, वास लिहून कळवीन, तू तो वहीत उतरव. चाळीस वर्षं मुलांना कविता शिकवल्या. एका वासाला शब्द नाही का सापडणार?

तब्येतीला जप.
तुझा,
दादा

१७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले. मग हसू येईना. ही फसवणूकच की रे, आणि तीही तू सुचवावीस! पण सव्वीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. टेस्टरला वास येत नाही हे मालकीणबाईंना कळलं तर त्या वाईट बोलणार नाहीत, फक्त माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला देतील. आणि त्या खुर्चीवरून उठून कुठे बसायचं, हे मला खरंच माहीत नाही.

सोबत तीन पुड्या आहेत, नंबर घातलेल्या. आजवर तू कॉफी उकळून उकळून तिचा काढा करत आलास, ते आता बंद. पेल्यात दोन चमचे जाडसर पूड घे. पाणी उकळलं की बुडबुडे बसू दे, मग ओत. चार मिनिटं हात लावू नकोस. वर तरंगत्या भुकटीची साय धरेल, ती चमच्याने मोड आणि त्याच क्षणी नाक खाली ने. मग चमच्यातून सुर्रकन ओढून पी, लोकलाज सोडून.

सगळ्यात जपायचं ते बुरशीला. ओल लागलेल्या पोत्यातले दाणे दिसतात छान, सापडतात फक्त नाकाला. मागचे दोन नमुने मी नुसत्या भीतीने नापास केले. मालकीणबाई म्हणाल्या, हल्ली तुम्ही अगदी सासूबाई झालात, काही म्हणून पसंत पडत नाही.

उपमा कमी, वास जास्त लिही. लोभ असू दे. त्याला नाक लागत नाही.
तुझी,
धाकटी

२३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

सुर्रकन ओढायला शिकलो. पहिल्या दिवशी सदरा गेला.

पहिली पुडी: कच्चे शेंगदाणे आणि गवत, पुढे काही नाही. नापास. दुसरी आंबलेली, टोपलीच्या तळाशी राहिलेल्या फळासारखी. नापास. तिसरीची साय मोडली आणि मी डोळे मिटले. धाकटे, शाळा! सकाळचा पहिला तास, गुरुजी कपाट उघडतायत. साठ वर्षांनी तो श्वास परत मिळाला. पेला संपेपर्यंत मी आठवीत होतो.

उपमा कमी म्हणालीस म्हणून इतकंच लिहितो: शाळेचा वास. ही पास कर. सगळंच नाकारलंस तर मालकीणबाईंना शंका येईल.

पुढच्या पुड्यांची वाट पाहतो.
तुझा,
दादा

२० मार्च

ती. दादास,
सा. न.

तू शाळा लिहिलंस आणि मला माझी शाळा आठवली. नवीन बाकं, पेन्सिलीचा भुगा. आमच्या धंद्यात तो वास नावाजलेला. वहीत लिहिलं, 'लाकूड, पेन्सिल, उत्तम'. चाळीस पोती माल आला. परवा तो भाजायला घेतला आणि भट्टीवाल्याने पिंप थांबवलं. बुरशी.

मला हे कळायच्या आत मालकीणबाईंनी त्याच मालाचा पेला माझ्यापुढे ठेवला. कारखाना बघायला आलेले पाहुणे टेबलाभोवती होते. वास कसला, असं मालकीणबाईंनी विचारलं. मी वाकले आणि ठासून सांगितलं, पेन्सिलीचा. कुणी हसलं नाही. एका बाईने आपला पेला हळूच लांब सरकवला. भट्टीवाला जमिनीकडे बघत राहिला. मग मालकीणबाईंनी अगदी हळू विचारलं, कधीपासून. सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं, आणि मी अंग चोरलं. माझ्या अंगाला घामाचा वास येत असेल तर?

तुझी शाळा गळकी होती हे मला नंतर सुचलं. मी नऊ वर्षं मागून आले, तोवर इमारत बदलली होती. एका घरात वाढलो आपण, एका शाळेत नाही.

खुर्ची आता दुसऱ्या कुणाची. डॉक्टर म्हणतात, आता आशा धरू नका. दूध करपतं, कळत नाही. दिवसातून तीनदा आंघोळ करते. कुणाच्या शेजारी बसत नाही. दादा, पत्रात आता वास लिहू नकोस. आणि एवढ्यात येऊ नकोस.

धाकटी

२६ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

तुझी चूक नाही. मी आधी 'शाळेच्या ओलसर कपाटाचा वास' असं लिहिलं होतं. मग 'ओलसर' खोडलं. त्या ओळीतून कपाटही काढलं. तुझी सूचना विसरलो होतो असंही नाही. पत्र समोरच होतं. बुरशी मनात आली होती. पण तो वास मला इतका प्रिय होता, की त्याला वाईट म्हणवेना. आणि खरं सांगतो, त्या शब्दांवाचून ओळ बरी वाटत होती. एका बऱ्या ओळीसाठी मी तुझी खुर्ची घालवली.

येऊ नकोस म्हणालीस, म्हणून आलो नाही. दोनदा स्टेशनापर्यंत जाऊन परतलो. सकाळी कॉफी केली, तू सांगितलीस तश्शी. अगदी फक्कड झाली. ती मोरीत ओतली, तरी घरभर वास राहिला, आणि तो मला येत होता याची लाज वाटली.

या पत्रात एकही शब्द खोडलेला नाही. उत्तर लिहवत नसेल तर रिकामं पाकीट पाठव, पण पाठव.

तुझा,
दादा