फेथियेपर्यंत रस्ता तोंडपाठ

११ सप्टेंबर, मेर्सिन
निघालो एकदाचे! शेजारच्या हाजेरताईनं रीतीप्रमाणे गाडीमागे बादली ओतली. ‘पाण्यासारखे जा, पाण्यासारखे परत या!’ त्यातली अर्धी बादली मागच्या खिडकीतून माझ्या गादीवर.

माझ्या नवऱ्यानं, नझमीनं, तेहतीस वर्षं मेर्सिन–फेथिये बस चालवली. एक ओरखडा नाही. आता निवृत्तीनंतर तोच किनारा, आमच्या जुन्या मिनीबसमधून – तंबू, शेगडी, दोन खुर्च्या. आणि फेथियेच्याही पुढे, दात्चापर्यंत. ‘फेथियेपर्यंत रस्ता तोंडपाठ,’ म्हणतो. ‘पुढे मी कधी गेलोच नाही. तिथं माझी बस संपायची.’

मला काम दिलंय – प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची. ‘क्लीनरनं वाचलंच पाहिजे!’ साठीला आले आणि क्लीनर झाले.

१२ सप्टेंबर
आयदिंजिकजवळ पाइनच्या झाडांखाली तंबू. समुद्र अगदी पायाशी. नझमीनं चहा ओतला तो पेल्याच्या शेजारी, थेट चादरीवर. मी हसले. तो हसला नाही.

मग परीक्षा! ‘आज काय काय लागलं, ओळीनं सांग.’ मी सांगितलं – किल्ला, पेट्रोलपंप, लिंबांची बाग, दोन वळणं. ‘तीन वळणं,’ म्हणाला. ‘परत सांग.’ शाळेतसुद्धा इतकं पाठ केलं नव्हतं.

१४ सप्टेंबर
किनाऱ्यानं नवे बोगदे झालेत. पण फाटा आला की हा जुन्याच रस्त्याला लागतो. ‘बोगदे ट्रकवाल्यांना. आपण समुद्र बघायला निघालोय की भिंत?’ बरोबर आहे म्हणा.

आज मात्र एका बोगद्याला फाटा नव्हता. आत शिरताच गाडी बैलगाडीच्या चालीनं. मागून ट्रकचा भोंगा. नझमीच्या कपाळावर घाम. बाहेर आल्यावर म्हणतो, ‘इंजिन तापलं होतं.’

मी हात लावून पाहिला. इंजिन तापलं नव्हतं.

१५ सप्टेंबर
उजव्या हाताला उतारावरून शेळ्या आल्या. मी किंचाळले तेव्हा त्यानं ब्रेक दाबला. त्याला त्या दिसल्याच नव्हत्या! चांगल्या दहा-बारा शेळ्या.

जेवताना मुद्दाम त्याच्या बशीच्या कडेला अंजीर ठेवलं. चाचपलंसुद्धा नाही. समोर सरकवलं, लगेच उचललं. म्हणजे समोरचं दिसतं. बाजूचं नाही. आणि अंधारात काहीच नाही.

लिहूनच टाकते. नझमीला दिसत नाही.

लिहायला नको होतं.

१६ सप्टेंबर
तो समुद्रात पोहत असताना फिलिझला, लेकीला, फोन केला. नुसतंच विचारलं, बाबांचे डोळे कसे आहेत गं? ती म्हणाली, ‘आई, असं काय विचारतेस? काचबिंदू आहे ना! डॉक्टरांनी मार्चमध्येच गाडी बंद केली. म्हणून तर तू चालवतेयस ना?’

‘हो तर,’ मी म्हणाले. ‘मीच चालवतेय.’

का खोटं बोलले? कारण वाटेतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर लोक अजून उठून उभे राहतात. ‘कप्तान आले! कप्तानांना खुर्ची द्या!’ आणि हा असा ताठ बसतो. त्याच्या हातून चाक कसं काढून घेऊ? त्याच्याजवळ दुसरं आहे काय?

आणि काढून घेऊन देऊ कुणाला? माझं लायसन्स बावीस वर्षं कपाटात पडलंय. पहिल्याच आठवड्यात हाजेरताईच्या भिंतीत गाडी घातली होती. नझमीनं ती गोष्ट प्रत्येक लग्नात रंगवून सांगितली, लोक पोट धरून हसले. त्यानंतर मी चाकाला हात लावला नाही.

एका गाडीत दोन माणसं. एकाला दिसत नाही, दुसरीला चालवता येत नाही. वा!

१८ सप्टेंबर
जिवंत आहोत. आधी हे लिहिते.

अनामूरच्या पुढे हा पुन्हा जुन्या रस्त्याला लागला. मी पाटी वाचली, ‘पुढे रस्ता बंद.’ तो म्हणाला, ‘असल्या पाट्या कायमच्या असतात. वळणानंतर पांढरी मशीद, मग उतार.’ वळण आलं. मशीद आली. उतार नव्हता! रस्ताच नव्हता. कडा खचून खाली समुद्रात गेलेला. हा आपल्या आठवणीतल्या उतारावर गाडी सोडतोय! मी हँडब्रेक ओढला. कसा ओढला, आठवत नाही.

नंतर उतरून मोजलं. पुढचं चाक आणि कडा यांत चार वीत अंतर.

तो तसाच बसून होता. ‘इथं उतार होता, मुनेव्वर. खरंच होता गं.’

गाडी मागे घेताना मी मागे चालत ओरडत होते. डावीकडे! सरळ! थांब! संध्याकाळी त्यानं शेगडी पेटवली. मी तोंड उघडलं असतं तर त्याला खुनी म्हणाले असते. शेवटी तोच म्हणाला, ‘आता जुना रस्ता नाही. नव्यानंच जाऊ, हळूहळू. तू सांगशील तसं. फेथियेपर्यंत जाऊ दे मला.’

नाही म्हणायला हवं होतं. मान हलवली मी.

२० सप्टेंबर, अलान्या
चार बोगदे. ‘सरळ, सरळ, जरा उजवीकडे.’ घसा बसलाय.

फेथियेला अजून सव्वाचारशे किलोमीटर. तिथं त्याचा पाठ संपतो. मग? दात्चाचा रस्ता म्हणे वळणावळणाचा.

२३ सप्टेंबर
आज गाडी काढलीच नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. उद्या काय सांगू?

२५ सप्टेंबर, फिनिकेजवळ
झोपेतसुद्धा पाय ब्रेक दाबतो माझा. सकाळी पोटरीत गोळा आला.

त्याची परीक्षा चालूच. आता उलटीकडूनही विचारतो. ‘समज, उलट्या बाजूनं येतेयस. पेट्रोलपंपाच्या आधी काय?’ मी घडाघडा सांगते. वाटतं, बिचारा स्वतःची आठवण तपासून घेतोय. सांगितलं की शांत होतो. मग टोमॅटो चिरायला बसतो, बोटं जपून, अगदी नाकाजवळ धरून.

भीती वाटते. दुसरं काही लिहायला नाही.

२७ सप्टेंबर
संध्याकाळी फेथियेला पोचलो. उद्या बोलणार. रडला तरी बोलणार. किल्ली काढून घेईन, मग बसने जाऊ, नाहीतर चालत जाऊ.

२८ सप्टेंबर, फेथिये
सकाळी उठले तर माझ्या चहाच्या बशीत किल्ली. नझमी क्लीनरच्या सीटवर बसलेला, पट्टा लावून.

मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, ‘दात्चा राहू दे. घरी जाऊ. उलटा रस्ता पाठ आहे तुला, रोज म्हणून घेतलाय.’

‘मूर्खा! मारलं असतंस मला!’

‘हो,’ म्हणाला. ‘किल्ली त्या कड्यापाशीच द्यायला हवी होती. पण फेथियेपर्यंत, शेवटचं एकदा... धीर झाला नाही.’

मी रडले. मग चाकामागे बसले. तेव्हा तो उतरला, चाचपडत बादली भरून आणली आणि गाडीमागे ओतली. ‘अरे, मागे राहणाऱ्यानं ओतायचं असतं,’ मी खिडकीतून म्हणाले.

‘मग मागे राहिलेला मीच ना?’ शेजारी येऊन बसला. ‘चल, कप्तान.’

इंजिन दोनदा बंद पडलं. तो हसला नाही.