स्तामातियाचा कॅटलॉग

मी, मिनास फात्सेआस, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा खाणावळ, राहणार कालोदियानिका, किथिरा बेट, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत असला तरी अक्षर माझेच आहे, आणि मी जिवंत आहे. हे शेवटचे मुद्दाम लिहिले, कारण या गावात माझ्या बाबतीत एकदा घोळ झालेला आहे.

कलम १. राहते घर, विहीर आणि दोन शेळ्या माझी थोरली बहीण स्तामातिया हिला. ती त्र्याऐंशीची आहे, आता घर घेऊन काय करू म्हणेल. तिचे ऐकू नये.

कलम २. खाणावळ, भांडी, माझ्या तीन सुऱ्या आणि दारातला पदार्थांचा फळा पुतणी किरान्ना हिला. त्या फळ्याला आम्ही कॅटलॉग म्हणतो. मतदारयादी, शाळेची हजेरी, टेलिफोनचे जाडजूड पुस्तक, सगळे आमच्याकडे कॅटलॉगच. शब्द आमच्या ग्रीकांच्या घरचा आहे, बाहेरच्यांनी नंतर नेला. फळ्यावर चौदा पदार्थ आहेत, शिजतात पाच. गिऱ्हाईक आत येऊन झाकण उचलून बघते, ते बघू द्यावे. कांद्यातला ससा शिजवताना घाई करू नये.

मी ऑस्ट्रेलियात पंधरा वर्षे एका कॅफेत बशा धुतल्या. तिथे पत्रपेटीत खुर्च्या-कपाटांचे रंगीत कॅटलॉग येत, आणि घरी पत्र लिहायचे सोडून मी तेच चाळत बसे. मोठा माणूस होऊन येतो असे सांगून निघालो होतो. बशांविषयी काय लिहिणार?

लहानपणी मास्तर हजेरी घेताना या शब्दाची फोड करून सांगत. काता म्हणजे वरून खाली, लेगो म्हणजे वेचणे आणि सांगणे. वरून खाली एकेक नाव घेत यायचे, मधला कोणी गाळायचा नाही. गाळला तर ते नुसते चिठोरे. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नव्हते. त्याचे मोल मला स्तामातियाने शिकवले.

कलम ३. स्तामातियाची एक वही आहे. डावे पान जिवंतांचे, उजवे निजलेल्यांचे, म्हणजे मृतांचे. त्यावरून ती दोन चिठ्ठ्या करते आणि आमचे पाद्री, पापास गेरासिमोस, त्या देवळात वाचतात. प्रत्येक घर अशाच चिठ्ठ्या देते. १९५० साली कोणा खलाशाने बातमी आणली की तिकडच्या पुरात एक फात्सेआस वाहून गेला. तो वेगळाच फात्सेआस होता. पण माझ्या मधल्या भावाने, अनार्गिरोसने, आपल्या चिठ्ठीत मला मृतांत टाकले आणि डोंगरावरची माझी ऑलिव्हची पट्टी नांगरायला घेतली. स्तामातियाने मानले नाही. तिने मला डाव्या पानावर, सगळ्यांच्या वर ठेवले. अकरा वर्षे पापास गेरासिमोस एकाच सकाळी मला जिवंतांत वाचत आणि मृतांतही. लोकांनी तिला नाव खोडायला सांगितले तर ती एवढेच म्हणे, "प्रेत आणा, मग खोडते."

१९६१ साली बोटीतून उतरलो तो मृतांचा शनिवार होता, त्या दिवशी देवळात साऱ्या गावाच्या मृतांची नावे वाचतात. सरळ देवळात गेलो. मृतांची नावे चालली होती, आणि माझे नाव आले. शाळेची सवय, तोंडातून निघून गेले, "हजर." मृतांच्या नावाने उकडलेल्या गव्हाचे ताट घेऊन उभी असलेली एक बाई मटकन खाली बसली. स्तामातियाने मागे वळूनही पाहिले नाही. म्हणाली, "देवळात आहेस. टोपी काढ."

अनार्गिरोसशी मी त्यानंतर सत्तावीस वर्षे बोललो नाही. सहा वर्षांपूर्वी तो वारला. मी स्तामातियाला बजावले की त्याचे नाव उजव्या पानावर चढता कामा नये. ती "बरं" म्हणाली.

कलम ४. अनार्गिरोस फात्सेआस याचे नाव माझ्या पश्चातही सदर वहीत

येथवर लिहिले आणि साक्षीला बसलेले पापास गेरासिमोस खाकरले. ते म्हणाले, "मिनास, सहा वर्षं वाचतोय मी ते नाव. तू मागं बसतोस, तुला ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?"

स्तामातिया शेजारीच मसूर निवडत होती. मी म्हटले, "तू बरं म्हणाली होतीस."

"ऐकलं म्हणून बरं म्हटलं. करते कुठं म्हटलं होतं?"

मी वही मागून घेतली. उजव्या पानावर आई, बाबा, आणि त्यांच्या खाली अनार्गिरोस, तिच्या ठसठशीत अक्षरात. गावाने मला गाळले तेव्हा तिने गाळले नाही, आणि मी त्याला गाळले तेव्हा त्यालाही नाही. चार इयत्ता शिकलेली ही बाई. हिच्या तोडीचे माणूस मी दोन खंडांत पाहिले नाही. मला रडू आले. कायद्याला त्याची गरज नाही, तरी लिहितो.

सबब कलम ४ रद्द. त्याऐवजी: ऑलिव्हची पट्टी किरान्नाला. तिच्या बापानेच, अनार्गिरोसने, ती नांगरून जिवंत ठेवली, हे मला आजवर कोणापाशी बोलता आले नाही. वही स्तामातियाकडे, आणि तिच्यानंतर किरान्नाकडे.

कलम ५. माझे नाव उजव्या पानावर अनार्गिरोसच्या लगेच खाली लिहावे, मध्ये ओळ सोडू नये. मात्र प्रेत आणल्याशिवाय डाव्या पानावरून खोडू नये.

मी लिहिले, मीच वाचून पाहिले, पटले म्हणून सही केली.

कालोदियानिका, ५ मार्च १९९४
(सही) मिनास फात्सेआस

आमच्यासमोर लिहिले व खोडले:
१. पापास गेरासिमोस, पाद्री
२. दियामांतो कोरोनेऊ, पोस्टातल्या बाई