घोडपदेवच्या खोलीची आतली कडी

मी, सुंदराबाई भिवा शिगवण, वय अदमासे साठ, धंदा खानावळ, राहणार घोडपदेव, मुंबई, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून नव्हे, माझ्या मर्जीने मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. यजमानांचं नाव कागदापुरतं घेतलं. एरवी मी ते घेत नाही, आणि त्याला कारण नुसती रीत नाही.

परवा शुक्रवारी मला पोटाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात नेणार आहेत. डॉक्टर फारच गोड बोलायला लागले तेव्हाच मी काय ते समजले. मरणाचं मला काही नाही. भीती आहे ती माझ्या पश्चात माझी सून बकुळा माझ्या मुलाच्या, दत्तारामच्या, तावडीत एकटी सापडेल याची. म्हणून हा कागद. दत्ताराम पहिल्या पाळीला गिरणीत गेला आहे. भोंगा व्हायच्या आत सह्या झाल्या पाहिजेत.

लिहून घेणारे रमाकांत गिरगावात वकिलांकडे कारकून आहेत. लग्नाआधी माझ्याकडे जेवायला असत. ते म्हणतात, "बाई, मृत्युपत्रात मिळकत तेवढी लिहायची, बाकीचं मनात ठेवायचं." म्हटलं, मनात ठेवून ठेवून तर पोटात गाठ झाली. लिहा.

कलम एक, खोली. खोली भाड्याची आहे, ती माझी म्हणून वाटता येत नाही हे मला कळतं. पण भाडेपावती माझ्या नावाची होती आणि गेल्या महिन्यापासून ती बकुळेच्या नावाची आहे. मालकाचे मेहताजी म्हणाले, "मुलगा असताना सुनेच्या नावे? लोक काय म्हणतील?" लोक आजवर काय म्हणाले ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हटलं. मग त्यांनी मुकाट पावती फाडून दिली. दत्तारामला हे अजून माहीत नाही. पुढे त्याने कज्जा केला तर हा कागद दाखवावा. आईने डोकं ठिकाणावर असताना, विचार करून हे केलं आहे.

विचार कोणता, तेही लिहा. आमच्या चाळीत दिवसा कोणी दार लावत नाही. दिवसा दार लागलं म्हणजे आत मयत, नाहीतर मार. आणि मार सुरू झाला की येणाऱ्याजाणाऱ्याने बाहेरून दार ओढून घ्यायचं, अशी इथली पद्धत. चाळीची अब्रू ना! माझे यजमान माझगावच्या गोदीत फिटर होते. त्यांनी बोटभर जाड लोखंडी कडी स्वतः घडवून दाराला आतून बसवली. शेजारी दार ओढत आणि हे आतून कडी घालत. माझं डावं मनगट मोडलं त्या दिवशी दार ओढणारा हात शेजारच्या कुशाबांचा होता. मी खाली पडले होते तिथून तो हात पाहिला, अंगठीसकट.

यजमान वारले. तेराव्याची वाट न बघता मी त्यांच्याच पेचकसाने ती कडी उतरवली. बायका म्हणाल्या, "अगो सुंदरा, चोर शिरेल." शिरला तर टोप नेईल, माझं हाड तर नाही मोडणार, म्हटलं. दत्तारामचं लग्न झालं तेव्हा तो लाजत म्हणाला, "आये, आतून कडी नको काय?" मी त्याला पडदा शिवून दिला आणि माझं अंथरूण गॅलरीत टाकलं. कडी काही दिली नाही.

पण ज्याला मारायचं आहे त्याचं कडीवाचून अडत नाही. गेल्या शिमग्यात बकुळा बाहेर पळू बघत होती. तिची बोटं दाराच्या फटीत असताना दत्तारामने दार लोटलं. इस्पितळात ती म्हणाली, दारात बोटं सापडली. खोटं नाही बोलली पोर, दार कोणी लोटलं तेवढंच गिळलं. मी नळावरून वर आले, वरवंटा उचलला आणि उंबऱ्यात उभी राहिले, तेव्हा तो थांबला. दारूचं नाव कोणी पुढे करू नये. तीच दारू पिऊन हा मुकादमासमोर उभा राहतो तेव्हा हात कसे पाठीमागे असतात! जनाची नाही, निदान मनाची असावी.

हे लिहीत असता जिन्यावर चपला वाजल्या. रमाकांतांनी कागद सुपाखाली सारला आणि बकुळेच्या हातातला पेला पडला. वर आले ते कुशाबा. मीच बोलावलं होतं. पेला पडला तेही लिहा, म्हटलं. नुसती पावलं ऐकून जिच्या हातातलं भांडं पडतं तिची गत काय आहे, ते वाचणाऱ्याला कळू दे.

कलम दोन. दत्ताराम माझ्या पोटचा आहे, त्याची मला माया आहे. लहानपणी बापाचा हात उठला की माझ्या पदराआड लपायचा, ते मी विसरले नाही. तो विसरला. अग्नी त्यानेच द्यावा. बापाची हत्यारं, पाने, कानशी, ऐरण, सगळी त्याला. फक्त पेचकस सोडून. मात्र मला पोचवून त्याने परत या खोलीत येऊ नये. माझगावला आमच्या गावकीची, गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली खोली आहे, तिथे त्याने पथारी टाकावी. त्याची ट्रंक मी भरून ठेवली आहे, वर नवीन पंचा आहे.

कलम तीन. पातेली, परात, स्टोव्ह आणि माझ्या बांगड्या बकुळेला. खानावळ तिने चालवावी. वरणात पाणी वाढवलंस तर वरून बघेन हो.

कलम चार. कुशाबांना मी काही ठेवत नाही. त्यांनी रुसू नये. ज्याला मिळायचं त्याने साक्ष घालू नये असं रमाकांत सांगतात, आणि मला कुशाबा साक्षीला हवेत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात फाउंटनला माझ्या ह्याच मनगटावर पोलिसाची लाठी बसली. तेव्हा कुशाबांनी मला चौकात हार घातला, "आमची सुंदराबाई अन्यायापुढे वाकली नाही," असं भाषण केलं. टाळ्या पडल्या. कुशाबा, मनगट तेच होतं. रविवारी आपलं राज्य येतंय, तुम्ही गॅलरीला दिव्यांच्या माळा बांधताय. बांधा, मलाही आनंद आहे.

हे वाचून दाखवल्यावर कुशाबा खाली बघत म्हणाले, "वयनी, तेव्हा सगळे तसंच करायचे." म्हटलं, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तेव्हा बघून न बघितल्यासारखं केलंत, आता बघितलं म्हणून सही करा.

कलम पाच, शेवटचं. ती कडी माझ्या पेटीत जुन्या चोळीत गुंडाळून ठेवली आहे. तेल दिलेलं आहे. ती आणि पेचकस बकुळेला. दत्ताराम माझगावला गेला की तिने कडी आतून बसवावी. दारात जुनी भोकं आहेत, मी मेण भरलं होतं, ते उकरावं. पुढे ती घालायची की काढायची हे बकुळेने ठरवायचं, दुसऱ्या कोणी नाही. दत्तारामने बाहेरून दार ठोठावलं तर "उघड गो, नवरा आहे" असं चाळीत कोणी म्हणू नये. कुशाबांनी आपल्या दारातून बाहेर यावं आणि गॅलरीत उभं राहावं. बोलायची गरज नाही, भाषणं पुष्कळ झाली.

या सगळ्याची अंमलबजावणी रमाकांतांनी करावी. वर लिहिलेलं मला वाचून दाखवलं, ते माझंच बोलणं आहे. सही माझ्या हातची आहे. वळण वाकडं आहे, मनगटामुळे.

सुंदराबाई भिवा शिगवण

मुक्काम घोडपदेव, मुंबई
तारीख २७ एप्रिल १९६०

साक्षीदार, दोघांनीही बाईंना सही करताना पाहिले:
१. कमलाबाई रामजी घाग, समोरची खोली
२. कुशाबा बुधाजी मांडवकर, शेजारची खोली

बाईंच्या सांगण्यावरून खाली जोडले: कुशाबांची सही होते न होते तोच भोंगा झाला. कुशाबा जायला उठले, उंबऱ्याबाहेर गेले आणि सवयीने दार ओढायला हात घातला. मग हात काढून घेतला. दत्ताराम जिना चढून येईपर्यंत ते गॅलरीत उभे होते. दार उघडे होते.

हस्ताक्षर, रमाकांत