बूट काढून दिलेला इंटरव्ह्यू

६ एप्रिल १९९७, रविवार
आजपासून रोजनिशी. बंगलोरच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत लागल्यावर वेळ मिळणार नाही, म्हणून आत्ताच सुरुवात. कंपनी या महिनाअखेर इथे लखनौला येतेय. आधी लेखी परीक्षा, मग इंटरव्ह्यू.

बाबा ३० जूनला रेल्वेतून रिटायर. क्वार्टर सोडायचं. जेवताना त्यांनी जाहीर केलं, सुजय, नोकरी लागली तर तू बंगलोरला, नाही तर आमच्याबरोबर कराडला, विश्वासकाकांच्या हार्डवेअरच्या दुकानात. आई म्हणाली, म्हणजे काँप्युटरचंच की. धाकटी अवनी ठसका लागेपर्यंत हसली. भैया, कील-पेच बेचोगे! मराठी कळतं सगळं, पण उत्तर हिंदीत.

मला खिळे विकायचे नाहीत. नाही म्हणजे नाही.

ठराव : रोज पहाटे पाचला उठणे.

७ एप्रिल
साडेआठला उठलो. झोप अर्धवट राहिली तर अभ्यास डोक्यात शिरत नाही.

१२ एप्रिल, शनिवार
अलीगंजच्या काँप्युटर इन्स्टिट्यूटमध्ये माझी मशीनवरची पाळी. आठवड्याला एक तास. आत धूळ जाऊ नये म्हणून बूट बाहेर काढायचे, हा तिथला नियम. काढले. बसलो. लाइट गेली. सलग चौथा शनिवार.

माझ्याच बॅचचा जयसिंग, मलिहाबादचा, घरची आंब्याची बाग, म्हणतो, यार, सुबह छह बजे आ जा, तब बत्ती रहती है. तो म्हणे रोज येतो. तेवढ्या लांबून, पहिल्या बसने! अरे, बोटं बडवणं हे टायपिस्टचं काम. मी प्रोग्रॅम वहीत लिहितो आणि मनात चालवतो. मनात आजवर एकही एरर आलेली नाही.

२७ एप्रिल
लेखी परीक्षा. संध्याकाळीच निकाल. पास! तीनशेतून तीस, त्यात जयसिंगही. म्हटलं नव्हतं?

आईनं सगळ्या मराठी घरांत सांगून टाकलं. मी अडवलं नाही. बाबांनी अमीनाबादहून टाय आणला. गाठ कुणालाच येईना. शेवटी एअरफोर्समधल्या शशिकांतकाकांनी मारून दिली. आता ती सोडायची नाही, टाय तसाच खुंटीवर.

३ मे
जयसिंगनं बातमी आणली, इंटरव्ह्यूत मशीनवर बसवतात. ठीक आहे. उद्यापासून मीही सहाला.

४ मे
रविवार. इन्स्टिट्यूट बंद. माझा काय दोष?

६ मे
सायकल पंक्चर.

८ मे
गेलो! पावणेसात. लाइट होती, पण मशीनवर जयसिंग. लगेच उठून म्हणाला, तू बैठ जा. मी म्हटलं, राहू दे रे, तुला जास्त गरज आहे. परत येताना सायकल दोनदा चुकीच्या गल्लीत घातली. नाश्ता झाला नव्हता, त्यामुळे असेल.

११ मे, रविवार, दुपारी ३
इंटरव्ह्यू झाला. हजरतगंजातलं हॉटेल. दारातून आतला काँप्युटर दिसला आणि सवयीनं बूट काढले. उजवा मोजा फाटका, अंगठा सबंध बाहेर. आत तिघं, तिघांच्याही पायात बूट. त्यांतल्या शिवांगी मॅडमनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग फॉर्मकडे, मग पुन्हा पायांकडे. म्हणाल्या, छोटा सा प्रोग्राम है, टाइप कर दीजिए, दस मिनट.

विचारलं, कागदावर लिहून देऊ का? तोंडी तरी? नहीं, इसी पर.

महिरपी कंस कीबोर्डवर कुठे असतो हे शोधण्यात चार मिनिटं गेली. पुढे तो उमटेचना, दरवेळी चौकोनीच यायचा. प्रोग्रॅम मला पाठ होता हो, अगदी अक्षरन्‌अक्षर! लाइट जायची वाट बघितली. हॉटेलला जनरेटर होता.

बाहेर आलो तर दाराशी बुटांची रांग. माझे बूट पाहून पुढच्या सगळ्यांनी आपापले काढून ठेवलेले. याला लीडरशिप म्हणतात. पॅनेलनं नोंद घेतली असणार.

घरी सांगितलं, उत्तम झाला. बाबांनी विचारलं, प्रोग्रॅम किती ओळींचा झाला? दोन. म्हटलं, ते क्वालिटी बघतात.

१२ मे, सोमवार, संध्याकाळी
दुपारी निकाल होता. बाबांनी रजा टाकली. बाबांनी! हॉटेलबाहेर स्कूटरपाशी थांबले, म्हणाले, तूच बघून ये.

लॉबीत कंपनीचे हरिहरसाहेब माझं नाव पुकारत आले. म्हणाले, फॉर्म में आपकी हैंडराइटिंग देखी, बहुत सुंदर है. हमारा प्रिंटर बिगड़ गया, ज़रा लिस्ट लिख देंगे? जी, म्हटलं. घरच्याच माणसाला सांगतात अशी कामं. म्हणजे झालंच.

चार्टपेपर, काळा मार्कर. ते वाचत गेले, मी लिहीत गेलो. पहिलं नाव जयसिंग. खरंच आनंद झाला. चौथ्याला वाटलं, आता मी. सातव्याला वाटलं, मुद्दाम शेवटी ठेवलं असेल. अकरावं लिहून झालं आणि साहेबांनी कागदाची घडी केली. थैंक यू, बोर्ड पर लगा दीजिए. टाचण्याही मीच लावल्या.

बाहेर जायचा धीर होईना. रडू येत होतं, चारचौघांत आवरलं. खांबाआड उभा राहिलो. उशीर झाला म्हणून शेवटी बाबाच आत आले. बोर्डासमोर जाऊन चष्मा लावला आणि चेहरा एकदम खुलला. मागे वळून मला शोधलं, लांबूनच मोठ्यानं म्हणाले, अरे, हे तर तुझं अक्षर!

मग त्यांनी यादी वरून खाली वाचली. मग खालून वर.

मी जवळ गेलो. म्हटलं, त्यांचा प्रिंटर बिघडला होता, बाबा.