तोफ ठेवायची की पक्षी

प्रिय पक्षीवाल्या,

चार पायऱ्या उतरून पिंजऱ्याशी यायचं सोडून ही कागदावर काय लिहीत बसलीये, असं तू म्हणशील. मलाही तेच कळत नाहीये. तू समोर आलास की मी नेमकी भलतंच बोलते, नाहीतर भांडते.

बाबांच्या जागी किल्ल्यावरच्या या संग्रहालयात तोफेवर लागले तेव्हा तूच मला सांगितलंस, की माझी ही बुटकी तोफ फाल्कनेट आणि तुझे चिमणीएवढे ससाणेही फाल्कनेटच. म्हणजे आपण एकाच घराण्याचे नोकर, म्हणून किती हसला होतास. तेव्हापासून आपला रिवाजच पडला. दुपारी बाराला मी बुरुजावरून लाल फडकं हलवायचं, तू खाली पक्षी दचकू नयेत म्हणून घरट्याच्या पेटीवर तळवे ठेवून मान हलवायचीस, मगच मी बत्ती द्यायची. बाबा असते तर या थांबण्यावरून मला नक्की बोलले असते.

आता मादीने अंडी घातली, आणि तू परस्पर संग्रहालयाच्या साहेबांना कळवलंस की तोफेचा बार बंद करा, नाहीतर पक्षी हलवा. माझं डोकंच फिरलं. बाबांनी उभा जन्म या तोफेपाशी काढला आणि तुला मला साधं विचारावंसंही वाटलं नाही. मी अबोला धरला. तरी बाराला फडकं हलवतच होते, आणि तूही मुकाट्याने मान हलवत होतास. याला भांडण म्हणायचं का, देव जाणे.

सोमवारी तू दिसलाच नाहीस. पेटती बत्ती हातात धरून मी उभी. बारा वाजून गेले, खाली लोक घड्याळं बघायला लागले, पण माझा हात काही पुढे होईना. बार झालाच नाही. दारू दमट होती, अशी साहेबांना थाप मारली. खरं कारण मला तरी कुठे ठाऊक होतं?

मग शिपायाने सांगितलं, की पक्षी हलवले तर तूही त्यांच्याबरोबर कायमचा जाणार, आणि सोमवारी त्याच खटपटीत होतास. सगळ्यांना माहीत, मलाच नाही. उद्या साहेब मला विचारणार आहेत, तोफ ठेवायची की पक्षी. बार बंद झाला तर मी कोठारात धूळ झटकत बसणार. तरी मी तो बंद करा असंच सांगेन बहुतेक. तुझ्या पक्ष्यांवर माझी एवढी काही माया नाही. तू जाऊ नयेस म्हणून सांगणार आहे. पण तुला जायचंच असेल तर आजच सांगून टाक, म्हणजे निदान तोफ तरी राहील.

तुझीच, असं लिहिलं तर चालेल ना,
तोफवाली