अंगठ्याला बांधलेली दोरी

चि. जयराज,

डाव्या पायाच्या अंगठ्याला तुझ्या झोळीची दोरी बांधून मी भाकरी थापत होते. तू सहा महिन्यांचा, मी आठ वर्षांची. खुरपायला निघताना आई म्हणाली, "अंबे, पोरगं रडाय नगं." शाळेची घंटा झाली तसा माझा पाय जोरात हलला. आल्यागेल्याला आई सांगायची, "आमची अंबू लय गुणाची." मी पुन्हा शाळेत गेले नाही.

माझी सून साक्षी अंगणवाडीत आहे. तिच्या पुस्तकात परवा वाचलं, सात-आठ वर्षांच्या मुलाला ज्याची शाबासकी मिळते, तेच ते आपलं काम समजतं. मला शाबासकी झोळीची मिळाली. तुझा दोष नाही, तू तर झोपला होतास.

पण आता तू फोनवर म्हणतोस, "अक्का, शिवांजलीला मिरजेला धाड. माझ्या नातवाला सांभाळंल. शाळा काय, पुढल्या वर्षीबी हाय." माझा मुलगा म्हणतो, मामांचा शब्द कसा मोडायचा. नात माझी आठच वर्षांची आहे, जयराज.

हे असते तर त्यांच्या आडून मी नाही म्हटलं असतं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता आड कोणी नाही.

रागावलास तरी आशीर्वाद आहेच.

तुझी अक्का,
अंबूबाई
कवठे महांकाळ

ता. क. हे काल लिहिलं. आज सकाळी शिवांजलीच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत सोडलं आणि शाळेच्या दारातूनच तुला फोन करून नाही म्हणाले. म्हणून हे पत्र टाकलं नाही.