निरोगी नमुना

३ ऑगस्ट, सोमवार

पोचले एकदाची! हॉस्टेलची खोली चार पावलांत संपते, पण खिडकी भिंतभर आहे आणि तिच्यातून मेंदूविज्ञान विभागाची विटांची इमारत दिसते. तिसरा मजला, डावीकडून दुसरी खिडकी. तिच्याखालचं टेबल माझं. दोनदा अर्ज फेटाळला गेला होता, तिसऱ्यांदा फेलोशिप मिळाली. म्हणून आज त्या टेबलावर नुसता हात फिरवत दहा मिनिटं बसले. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, टेबल विकायला काढलंय वाटतं.

सकाळ सगळी कार्यालयात गेली. तिथले कारकून प्रत्येक शिक्क्यावर आधी तोंडाची वाफ सोडतात आणि मग कागदावर असा दणका देतात की शेजारची टाचणी उडावी. मी त्यांचं नाव शिक्केकाका ठेवलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. फेलोशिप तीन वर्षांची, पण दर सहा महिन्यांनी गाइडची सही हवी. सही नाही तर फेलोशिप नाही, फेलोशिप नाही तर खोलीही नाही. आणखी एक अट जरा गमतीची आहे. दर मंगळवारी मी स्वतः इलेक्ट्रोडची टोपी घालून तासभर बसायचं. स्मरणशक्ती गेलेल्या रुग्णांशी तुलना करायला एक धडधाकट मेंदू लागतो, तो माझा. कागदावर माझ्या नावापुढे चक्क छापलंय : ‘निरोगी नमुना’.

दादाला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, नमुना आहेस हे आम्हाला ठाऊक होतंच, निरोगी हे नवीन कळलं. मागून आई शिलाई मशीन थांबवून ओरडली, अगं, डोकं भाड्याने दिलंस की काय?

५ ऑगस्ट, बुधवार

माझ्या गाइड मॅडम साठीच्या आहेत. आखूड पांढरे केस, मऊ आवाज. इतर विभागांतल्या मुली गाइडच्या दारात ताटकळतात, मसुदे सहा-सहा महिने वाचले जात नाहीत. माझा आराखडा मॅडमनी माझ्यासमोर बसून, हातात पेन्सिल घेऊन ओळीओळीने वाचला. चुका अशा दाखवल्या की वाईट वाटण्याऐवजी हुरूप यावा. नशीब काढलं मी.

काल पहिलं रेकॉर्डिंग झालं. प्रयोगशाळेतल्या एका छोट्या खोलीचे काच लावून दोन भाग केलेत, मधे कडीचं एक दार. टोपी चढवायचं काम ताईचं. ताई इथली सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी, सातवं वर्ष चालू आहे तिचं. मॅडम दर वेळी मुदतवाढीवर सही करतात म्हणून टिकली आहे म्हणे. एकेका इलेक्ट्रोडखाली ती सिरिंजने गार जेल भरते, हात इतका हलका की डुलकी लागावी. कामापलीकडे एक अक्षर बोलत नाही. काचेपलीकडे मॅडमही तशीच टोपी घालून बसतात, तुलनेसाठी. मग कर्ण्यातून एक शब्द येतो आणि त्यावरून लहानपणचं काहीतरी आठवायचं, मनातल्या मनात.

‘मुंगी’ असा शब्द आला. बसून बसून पायाला मुंग्या येतात, त्याला दादा लहानपणी ‘झिंगुरडं’ म्हणायचा. मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. घराबाहेर हा शब्द कुणाला माहीत असायचं कारण नाही. आठवून खुदकन हसले, तर ताईने माझी मान सरळ केली.

१९ ऑगस्ट, बुधवार

मजेशीर गोष्ट झाली. काल रेकॉर्डिंग संपल्यावर मॅडम खुर्चीतून उठताना टेबलाला धरून थबकल्या आणि हसून म्हणाल्या की जरा थांब, पायात झिंगुरडं आलंय.

हा तर आमच्या घरचा! नंतर वाटलं, कधीतरी माझ्याच तोंडून निघून गेला असेल हा शब्द. मी बडबडी आहेच.

४ सप्टेंबर, शुक्रवार

कोटाचं बटण तुटलं. सुई-दोरा घेऊन खिडकीत बसले आणि काही सुचेना. दोरा ओवला, पुढे काय? सुई खालून घालायची की वरून? तासाभराने कोट तसाच ठेवला. आईला फोन करून म्हटलं, बटण कसं लावतात गं, आणि भोक उसवलंय तर काज कसं करतात?

आई आधी हसली. मग गप्प झाली. मग हळूच म्हणाली की अगं, तू आठ वर्षांची होतीस तेव्हापासून दुकानातली निम्मी काजं तूच करायचीस.

दुकान आठवतं. मशीनचा आवाज आठवतो. मी सुई धरलेली आठवत नाही.

मागच्या मंगळवारचा शब्द होता ‘सुई’.

९ सप्टेंबर, बुधवार

काल मॅडम माझं प्रकरण तपासून झाल्यावर बोलता बोलता मांडीवर एक ब्लाउज घेऊन काज करत बसल्या. बारीक, एकसारखे टाके. शेवटी दोऱ्याला तीन वेढे देऊन गाठ आतल्या बाजूला लपवली. असं माझी आई करते. तिला तिच्या आईने शिकवलं.

मी विचारलं की शिवण कधी शिकलात? त्या जराशा गोंधळल्या आणि म्हणाल्या की लहानपणी, दुकानात. मग काज बोटाने कुरवाळत म्हणाल्या की हाताला किती बरं वाटतं नाही?

मी खाली येऊन नळाखाली चेहरा धुतला. ही वही पहिल्यापासून वाचून काढली. पाच ऑगस्टच्या पानावर ‘झिंगुरडं’ असा शब्द आहे. माझ्याच अक्षरात. अर्थही पुढे लिहिलाय. एकोणीसच्या पानापर्यंत तो ओळखीचा होता, आता तो वाचून मला काहीच होत नाही, कुणा परक्या घरातला शब्द वाचावा तसं. दादाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, चेष्टा करतेस का? नंतर म्हणाला, नाही ना करत?

१४ सप्टेंबर, सोमवार

आज दुपारी ताईचा फोन टेबलावर वाजत होता. पडद्यावर ‘आई’ असं आलं होतं. मी म्हटलं, ताई, उचल ना. ताई सिरिंज भरत राहिली आणि म्हणाली की रोज येतो तो, चुकीचा नंबर आहे.

मी तिच्या घरची चौकशी केली. तिने ॲप्रनच्या खिशातून एक कार्ड काढलं आणि वाचून दाखवलं. नाव, हॉस्टेलची खोली, ‘मंगळवारी टोपी’. एवढंच.

जुन्या कपाटात तिची पहिल्या वर्षाची वही सापडली. काय अक्षर, काय खोडसाळपणा! समासात मॅडमचं चित्र काढून खाली लिहिलंय, ‘माझं डोकं खातात, पण प्रेमाने’. आणि पानापानावर कल्पना. मॅडमच्या ज्या शोधनिबंधामुळे मी इथे आले, तो सगळा या वहीत आहे.

भीती वाटते. पण भीतीपेक्षा राग जास्त आलाय, आणि राग कामाचा आहे.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्केकाकांकडे गेले. संमतिपत्राच्या नवव्या पानावर आहे की नमुन्याला कधीही माघार घेता येते. काका म्हणाले की घे की, पण मग सही कोण देणार? मी म्हटलं, मला समितीकडे तक्रार करायची आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले की सहा वर्षांपूर्वी एका मुलीने असंच नववं पान मागून नेलं होतं, आणि भली मुलगी, आधी मॅडमशी एकटीने बोलून येते म्हणाली. कोण मुलगी, असं विचारलं. ती जेल भरते ती, म्हणाले.

मी तिथेच उभं राहून तीन पानी तक्रार लिहिली. काकांनी वाफ सोडून असा शिक्का मारला की टेबल हादरलं.

२२ सप्टेंबर, मंगळवार

गेले नाही. ताईच्या टेबलावर आजच्या शब्दांची यादी पाहिली होती. वीसच्या वीस ओळींत एकच शब्द : ‘वडील’.

बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यांच्या माझ्याकडे तीनच आठवणी आहेत. त्या मी कुणाला सांगितलेल्या नाहीत, या वहीलाही सांगणार नाही. मॅडमना वडील हवे असतील तर दुसरीकडे बघावेत.

५ ऑक्टोबर, सोमवार

समितीचं उत्तर आलं. गाइडचा अभिप्राय जोडलाय : विद्यार्थिनी तणावाखाली आहे, साध्या गोष्टी विसरते, अलीकडे बटणही लावता येत नाही. सबब विश्रांती घ्यावी आणि रेकॉर्डिंग नियमित करावं. न केल्यास फेलोशिप पंधरा तारखेपासून बंद.

मॅडम जिन्यात भेटल्या. रागावल्या नाहीत. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या की एकदाच बस, सही तयार आहे.

दादा म्हणतो, सगळं टाक आणि ये. आई म्हणते, गुरुवारी मीच येते, कात्री पिशवीत घालून. मी दोघांनाही सांगितलं की पळून यायला मी काही चोरलेलं नाही. आणि ताईला कुणाच्या भरवशावर टाकू?

८ ऑक्टोबर, गुरुवार

रोज दुपारी ताईला तिचीच वही वाचून दाखवते. आज चित्रापाशी ती हसली. मोठ्याने. मग पुष्कळ वेळ अक्षरावरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, ‘ही मुलगी मला आवडली असती गं.’

तेवढ्यात फोन वाजला. तिने उचलला. म्हणाली, ‘मला तुम्ही आठवत नाही. पण बोला.’

मी बाहेर जाऊन रडले. आई आली होती, तिने मला रडू दिलं. कात्री खरंच आणली होती. तिला ताईच्या आईकडे पाठवलं, त्या माउलीला इथे घेऊन यायला.

१० ऑक्टोबर, शनिवार

सुचलं. टोपीखाली मी जे आठवते ते मॅडमकडे, त्या बाईकडे जातं. म्हणजे काय आठवायचं हे माझ्या हातात आहे.

तिला हवं ते नाही द्यायचं. तिने आम्हाला काय केलं ते द्यायचं. बटणापुढे बसलेली मी. फोनवर गप्प झालेली आई. ताईचं कार्ड. लुटलं गेल्यावर कसं वाटतं, ते सगळं. एकदा कळू दे.

माझ्याकडून ते जाईल. जाऊ दे. वहीत आहे.

ताईला सांगितलं. ती समोर बसून म्हणते ‘वडील’, आणि मी बटण आठवते. ‘वडील’. बटण. ‘वडील’. बटण. पन्नास वेळा. तीनदा चुकले.

१२ ऑक्टोबर, सोमवार

आज एकदाही चुकले नाही.

झोपेत दचकते— पण चुकले नाही.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

वही मांडीवर, प्रश्नावलीच्या पुठ्ठ्यामागे. मॅडमना वाटतं उत्तरं भरते आहे. ताईचा हात आज हलका नाही. पण डोळे पाहिले मी तिचे. डोळे पक्के आहेत.

‘वडील.’

बटण. सुई हातात, बोटांना ओळख नाही. आई गप्प—

मॅडम पुढे झुकल्या. कपाळाला आठी.

‘वडील.’

ताईचा फोन. पडद्यावर ‘आई’. चुकीचा नंबर म्हणाली, चुकीचा—

मॅडम स्वतःच्या बोटांकडे बघतायत. घ्या. अजून घ्या. कार्ड. त्यावर तीन ओळी. एका माणसाच्या तीनच—

‘वडील.’

त्या टोपी काढायला बघतायत. ताईने तिकडचे पट्टे आज आवळून—

बटणाचं काय होतं? कसलंतरी बटण. राहू दे. समितीचं पत्र. विद्यार्थिनी तणावाखाली— कुठली विद्यार्थिनी—

बाबा आहेत. तिन्ही आहेत. बघितलं.

वर लिहिलेलं माझंच अक्षर आहे. कुणावर चिडले होते एवढी?

काचेपलीकडे एक म्हातारी बाई रडते आहे. डोक्याला माझ्यासारखीच टोपी. आपलं काहीतरी कुणीतरी नेलं असं ओरडते आहे. किती भेदरली आहे. कुणी जात कसं नाही तिच्याजवळ—

एक मुलगी मधल्या दाराला पाठ लावून उभी आहे. पांढरा ॲप्रन. म्हणते, वही वाच, पहिल्या पानापासून, आधी वाच. वाचते की. पण त्या बाईंना आधी कुणीतरी—

उठले. ती मुलगी हात जोडते आहे, नको म्हणते. कडीला माझा हात पोचतो.

बाईंचं रडणं थांबलं. काचेवर तळवा टेकलाय त्यांनी, आणि माझ्याकडे बघून अगदी मऊ आवाजात त्या म्हणतायत, ‘वडील.’